दाराची आतली बाजू

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





सचिव साहेब मला म्हणाले, "काकाजी, तुम्ही बँकेत होते, तर बचतीवर बोला." मी म्हटलं, बचतीवर मी सदतीस वर्षं बोललो, आता थोडा आराम द्या. तेव्हा ते म्हणाले, "मग त्या फियाटवर बोला. लेकरं रोज विचारतात." म्हणून आज मी आपल्या फियाटच्या चार दारांवर बोलणार आहे. इंजिनावर नाही. इंजिन मिस्त्रीनं केलं, ते त्याचं कौशल्य. दारं मात्र आपण इथं, कोंढ्यात, आपल्या सोसायटीच्या टिनाच्या शेडमध्ये केली. 'आपण' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. त्याचं कारण पुढं येईल.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण समोर बसलेल्या अर्ध्या मंडळींचा जन्म तिच्यानंतरचा आहे. गावात सगळे तिला फियाट म्हणतात, पण कागदावर ती १९७४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. ती बनवणारी कंपनी म्हणजे कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी ती स्थापन केली. हे वालचंदशेठ मूळचे आपल्या सोलापूरचे. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी आपल्या देशात बनल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' इथं बनू लागली. तीच गाडी थोड्याफार फरकानं १९७४ पासून पद्मिनी या नावानं आली. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. त्या काळी नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि मग हळूहळू चित्र बदललं. मी १९८९ साली ही गाडी जुनीच घेतली, कारण नवी घेण्याची ऐपत नव्हती आणि जुन्या फियाटचा मिस्त्री पवनीपासून भंडाऱ्यापर्यंत कुठंही सापडत होता.

आता ही गाडी माझी एकट्याची का नाही, ते सांगतो. २००० साली आपली सोसायटी झाली, तेव्हा आपल्याकडं दोन बजाज स्कूटर, एक राजदूत आणि ही फियाट एवढाच वाहनांचा ताफा होता. रात्री-बेरात्री कोणाचं दुखलंखुपलं तर पवनीला किंवा थेट भंडाऱ्याला न्यायला दुसरं काय होतं? १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधीची चौदा वर्षं आपल्या कॉलनीत रात्री बारानंतर दार वाजलं की माझी सौ. आधी गाडीची किल्ली शोधायची आणि मग विचारायची, कोण आहे म्हणून. बाळंतपणं झाली, धानाच्या बांधीत साप चावलेले झाले, छातीत दुखणारे झाले. या मांडवात बसलेल्यांपैकी निदान चौघं जण त्या मागच्या सीटवर आडवे झालेले मला माहीत आहेत. नावं घेत नाही. ते स्वतःच हसून राहिले आहेत.

पुढे घरोघरी गाड्या आल्या. फियाट २०१५ पासून उभीच राहिली. सप्टेंबर २०२३ च्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर विषय आला, 'मोकळ्या जागेत उभे असलेले नादुरुस्त वाहन हटविणेबाबत.' विषय रास्तच होता. खाली पाणी साचत होतं, डास होत होते, लेकरं आत लपून बसायची आणि एकदा एक दार आतून उघडेना तेव्हा पोरगं अर्धा तास आत रडत होतं. भंगारवाला येऊन भावही सांगून गेला होता. चर्चा बरीच तापली. शेवटी ठराव झाला, की येत्या गुढीपाडव्यापर्यंत गाडी चालू होऊन स्वतःच्या चाकांवर जागेवरून हलली पाहिजे, नाहीतर भंगारात. पाडवा होता ९ एप्रिल २०२४ ला. म्हणजे हातात साडेसहा महिने होते.

त्याच ऑक्टोबरात पेपरात बातमी आली की मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असते आणि तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली होती. ज्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं मुंबईच्या तीन पिढ्या वाहिल्या, ती गेली. ती बातमी वाचून आपले ज्येष्ठ गुरुजी माझ्याकडं आले आणि म्हणाले, "साहेब, मुंबईची गेली. कोंढ्याची तरी राहू द्या. मी सकाळी दोन तास येत जाईन." असे करत करत सहा-सात जण झाले.

इंजिन आणि ब्रेक मिस्त्रीकडं सोपवले. सगळ्यात वाईट अवस्था दारांची होती. वरून पाहिलं तर रंग उडालेला, एवढंच. पण लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या भागावर फिरवला, तर तो चार ठिकाणी चिकटेचना. म्हणजे तिथं पत्राच नव्हता, नुसती पुट्टी होती. वीसेक वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये काम झालं होतं. खालचं भोक वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बंद केलं होतं आणि वरून बोटभर जाडीची लांबी भरून रंग मारला होता. तो कागद पाणी धरून बसला आणि पत्रा आतून खाऊन टाकला. जुनी गाडी घेणाऱ्या तरुणांना माझं हे पहिलं सांगणं आहे. खिशात एक चुंबक ठेवा. रंग डोळ्यांना फसवतो, चुंबकाला फसवत नाही.

आता दार आतून कसं असतं, ते समजून घ्या. बाहेरचा पत्रा असतो. आतला सांगाडा असतो. बाहेरच्या पत्र्याची कड सांगाड्यावर दुमडलेली असते. दोघांच्या मधे काच, काच वरखाली करणारं यंत्र आणि कुलूप. आतून सगळं झाकायला हार्डबोर्डचं पॅनेल, त्यावर रेक्झिन. आपल्याला वाटतं, काच लावली म्हणजे पाणी आत जात नाही. तसं नाही. काचेच्या दोन्ही बाजूंना फेल्ट आणि रबराच्या पट्ट्या असतात. त्या पाणी पुसतात, थांबवत नाहीत. पाऊस पडला की थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच, आणि दार बनवणाऱ्याला ते माहीत असतं. म्हणून त्यानं दाराच्या तळाला दोन-तीन छोटी भोकं ठेवलेली असतात. वरून आलेलं पाणी खालून निघून जावं, इतका साधा हिशोब. भोकं उघडी असली तर दार पन्नास वर्षं टिकतं. बुजली तर चार पावसाळ्यांत खलास.

आपल्या गाडीची भोकं कशानं बुजली होती? कोंढ्यात दुसरं काय असणार, कोंडा! (हशा) राइस मिलचा उडालेला कोंडा, रस्त्याची धूळ आणि त्यावर उंदरांनी आणलेली तणस. मागच्या डाव्या दारात तर उंदरांचं चांगलं दोन खोल्यांचं घर निघालं. संस्थेची वर्गणी न भरता राहणारे तेवढेच.

कामाला हात लावताना मी बँकेची सवय सोडली नाही. प्रत्येक दाराची वेगळी पिशवी, त्यावर चिठ्ठी, 'पुढचे डावे', 'मागचे उजवे' अशी. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो. सहा महिन्यांनी कुठला वायसर कुठं होता ते ब्रह्मदेवाला आठवत नाही, पण फोटोला आठवतं. काच फिरवायचा दांडा निघता निघेना. काही जुन्या गाड्यांत तो पिनेनं बसवलेला असतो, काहींत घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. क्लिप असेल तर स्क्रूड्रायव्हरनं उचकू नका, रेक्झिन फाटतं. धोतराच्या कापडाची पट्टी दांड्याच्या मागं घालून, बूट पुसल्यासारखी इकडून तिकडं ओढायची. क्लिप आपोआप सुटून येते. ही युक्ती आपल्या वेल्डिंगवाल्या भाऊनं दाखवली. पॅनेल उचकताना रुंद पुट्टी-पत्ती वापरायची आणि ती नेमकी क्लिपेच्या शेजारी सरकवायची, म्हणजे हार्डबोर्ड तुटत नाही.

पॅनेल निघालं आणि आम्ही सगळे गप्प झालो. आतल्या पत्र्यावर, जिथं पन्नास वर्षं ऊन लागलंच नव्हतं, तिथं मूळ रंग जसाच्या तसा होता. आकाशी. बाहेरून गाडी राखेसारखी पांढुरकी दिसायची. आम्हाला वाटायचं तिचा रंगच तो. रंगाच्या दुकानात मोजून रंग बनवून देतात, पण मोजायला खरा नमुना लागतो. तो नमुना पॅनेलखाली मिळाला. म्हणून सांगतो, जुन्या गाडीचा रंग जुळवायचा असेल तर बाहेरून फोटो काढून नेऊ नका. आतलं पॅनेल काढा.

दार उतरवण्याआधी बिजागरीभोवती खिळ्यानं बारीक रेघ ओढून घेतली. नंतर दार तिथंच बसवायचं असतं. बोल्ट जाम होते. त्यांना दोन दिवस तेल पाजलं. दार उतरवताना एकानं बोल्ट सोडायचा आणि दोघांनी दार धरायचं, एकट्यानं कधीच नाही. कुजलेला पत्रा कापून भाऊनं नवीन तुकडे वेल्ड केले. त्यानं सलग टाका ओढला नाही. एक टिपका इथं, एक तिथं, मधे थांबून थंड होऊ द्यायचं. सलग वेल्डिंगची उष्णता पातळ पत्र्याला लाटेसारखा वाकवते. गंज तारेच्या ब्रशनं खरवडला, उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक अ‍ॅसिडवाला गंजनाशक लावला, मग प्रायमर. दुमडलेल्या कडेला सीलर भरला. दाराच्या पोटात मेणासारखं गंजरोधक मारलं. आणि हे सगळं करताना तळाच्या भोकांत काडेपेटीच्या काड्या खोचून ठेवल्या, म्हणजे ती पुन्हा बुजणार नाहीत. काड्या खोचायचं आणि शेवटी मोजून काढायचं काम पाचवीतल्या दोन मुलींनी केलं. अकरा काड्या खोचल्या, अकरा काढल्या. कॅशिअर म्हणून दोघींना पूर्ण गुण.

आता रंगाचा मुद्दा. इथं आपल्या कार्यकारिणीनं तीन अटी घातल्या होत्या आणि त्या योग्य होत्या. पहिली, सोसायटीत स्प्रे मारायचा नाही. हल्लीच्या गाड्यांच्या टिकाऊ रंगात जे हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याच्या तुषारांनी दमा जडू शकतो आणि साध्या मास्कनं ते अडत नाही. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ लागतो. दुसरी अट, जुना रंग कोरडा घासायचा नाही, पाण्यातच घासायचा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि अंगणात लेकरं खेळतात. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा आणणारा नियम २०१६ चा आहे. त्याआधीचे रंग घरात असोत की गाडीवर, धूळ उडवू नये. तिसरी अट, थिनर एका लिटरपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि तेलकट चिंध्यांचा ढीग करायचा नाही. तेलरंगाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. आम्ही त्या पसरून वाळवायचो किंवा पाण्याच्या डब्यात टाकायचो.

म्हणून असं ठरलं, की घासणं, पुट्टी, घडण सगळं इथं, आणि शेवटचा रंग भंडाऱ्याच्या गॅरेजमध्ये, बूथमध्ये. पुट्टी पातळ थरात, एका वेळी थोडी. वाळली की लाकडी ठोकळ्यावर पाण्याचा पेपर गुंडाळून घासायची. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांचे चर पडतात आणि ते रंग मारल्यावरच दिसतात. आधी जाड पेपर, मग ३२०, मग ६०० आणि त्यापुढं ८००. घासलेल्या पत्र्यावरून डोळे मिटून हात फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो. हे ज्ञान आपल्या भगिनींना फार आधीपासून आहे. पोळी सगळीकडं सारखी लाटली की नाही, ते त्या हातानंच ओळखतात.

हवामानही पाहावं लागतं. आपल्या भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा थिनर पत्र्यावर पोहोचेपर्यंत उडून जातं आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात हवेतली ओल रंगात शिरून पांढरट झाक येते. हिवाळ्यात सकाळी बांध्यांवरून धुकं येतं आणि पत्र्याला दव धरतं. त्यामुळं आमचं प्रायमरचं काम डिसेंबर-जानेवारीत, सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेतच चालायचं. फरशीवर आधी पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ बसते. निवृत्त माणसाला ही वेळ बरोबर सोयीची. बँकेचीही तीच होती!

दारं आकाशी होऊन आली तेव्हा लेकरांना वाटलं, झालं काम. मी म्हटलं, अर्धंच झालं. आता आतली पॅनेलं. जुने हार्डबोर्ड पाणी पिऊन पापडासारखे वाकले होते. त्यांना ओल्या पोत्याखाली ठेवून, वजनं देऊन सरळ केलं, फक्त आकार उतरवून घेण्यापुरतं. मग नव्या ३ मिलिमीटर हार्डबोर्डवर ते ठेवून पेन्सिलीनं आखलं, कापलं, क्लिपांची भोकं पाडली. रेक्झिन चढवण्याआधी बोर्डाच्या दोन्ही बाजूंना आणि मुख्य म्हणजे कडांना ब्रशनं तेलाचा प्रायमर आणि रंग दिला. हे कोणी करत नाही, कारण ते कधीच कोणाला दिसत नाही. पण हार्डबोर्ड पाणी पितो तो कडेनंच.

रेक्झिनचं काम अड्याळच्या गादीवाल्या चाचांनी केलं. त्यांचं शिकवणं असं, की सोल्युशन दोन्ही बाजूंना लावा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. मगच एकमेकांवर ठेवा. ओलं असताना चिकटवाल तर फुगे येतील. मधून सुरुवात करून कडांकडं दाबत जा, कोपऱ्यावर मागच्या बाजूनं चिरा देऊन घडी बसवा. दांड्याची भोकं आधी कापू नका. पॅनेल दारावर बसवून पाहा, मगच कापा.

तीन पॅनेलांना नवं रेक्झिन लागलं. चौथ्यावर मात्र वाद झाला. पुढचं डावं दार, माझ्या सौ.च्या बाजूचं. तिथं हात टेकवायच्या जागी रेक्झिन घासून गुळगुळीत झालं होतं. रात्रीच्या त्या फेऱ्यांत ती डाव्या हातानं दार धरायची आणि मागं वळून, उजव्या हातानं मागं झोपलेल्या माणसाचा हात धरून बसायची. चाचा म्हणाले, "चारही एकसारखं करून देतो साहेब, शोभून दिसेल." मी सौ.कडं पाहिलं. ती म्हणाली, "फाटलं नाही ना? मग का काढता?" विषय संपला. ते रेक्झिन काळजीपूर्वक सोडवलं, साबणाच्या पाण्यानं धुतलं, वाळवलं, रेक्झिनचा रंग स्पंजनं पातळ हातानं दोनदा दिला आणि नव्या बोर्डावर चढवलं. आता चारही पॅनेलं रंगानं एकसारखी आहेत. पण पुढच्या डाव्या दारावर हात ठेवला तर कळतं.

शेवटचा भाग जोडणीचा. इथं घाई केली तर सहा महिन्यांचं काम वाया जातं. दाराच्या कडांना कागदी टेप लावून, आधीच्या रेघांवर बिजागऱ्या बसवल्या. दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आली, मगच बोल्ट पक्के केले. मग रबर. रबर नीट दाबलं जातं की नाही, ते पाहायला वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथून पाणी आणि धूळ येणार. मग काचेची पन्हळ, नवं फेल्ट, यंत्राला ग्रीस, कुलूप. प्रत्येक काच दहा वेळा वरखाली, प्रत्येक कुलूप दहा वेळा आतून आणि बाहेरून. ज्या दारात ते पोरगं अडकलं होतं, त्याला आम्ही पन्नास वेळा उघडझाप केलं, आणि शेवटची दहा वेळा त्यालाच आत बसवून त्याच्याकडून करून घेतलं. भीती गेली त्याची.

मग तांब्याची परीक्षा. काच बंद करून वरून तांब्याभर पाणी सोडायचं आणि खाली बसून मोजायचं, सगळ्या भोकांतून पाणी येतं का. आलं. त्यानंतर आतल्या सांगाड्यावर जाड प्लास्टिकचा कागद चिकटवला. हा कागद कोणी काढून फेकला तर पुन्हा लावत नाही, पण हार्डबोर्डला पाण्यापासून वाचवणारा तोच. त्याची खालची कड दाराच्या आत खोचायची, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटातच पडतं, पॅनेलवर नाही. आमचा कागद कृषी केंद्रातून आला. त्यावर पॅनेल, एकेक क्लिप तळहातानं ठोकत. मग हात टेकवायचा दांडा, मग काचेचा दांडा. दोन्ही बाजूंच्या काचा पूर्ण वर असताना दोन्ही दांडे एकाच कोनात हवेत. याला काही उपयोग नाही, पण बँकेच्या माणसाला दोन्ही बाजू जुळल्याशिवाय झोप येत नाही.

गाडी ७ एप्रिलला, पाडव्याच्या दोन दिवस आधी, स्वतःच्या चाकांवर शेडमधून बाहेर आली. ठरावाचं पालन मुदतीत झालं, याची नोंद इतिवृत्तात आहे.

काही तरुणांनी विचारलं, आता हिची व्हिंटेज नोंदणी करायची का? २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेल्या दुचाकी-चारचाकीला ती मिळते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षं चालते. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आपल्या गाडीनं आयुष्यभर माणसं वाहिली. तिला नुसतं प्रदर्शनात उभं करणं मनाला पटलं नाही. आपण साधं नूतनीकरण आणि विमा केला. गेल्या वर्षभरात ती मतदानाला ज्येष्ठांना घेऊन गेली, दवाखान्यात डोळे तपासायला तिघांना घेऊन गेली. रात्रीची फेरी आता लागत नाही, आणि लागू नये.

आता दोन शब्द आपल्या घरांबद्दल, कारण पंचवीस वर्षं आपल्या भिंतींनाही झाली. अंदाजपत्रकात बाहेरच्या रंगाचा आकडा पहिला येतो, कारण रंग दिसतो. माझी कार्यकारिणीला विनंती आहे, की रंगाचं टेंडर काढण्याआधी प्रत्येक गच्चीवर एक बादली पाणी ओतून पाहावं. ते कुठून निघतं, किती वेळात निघतं आणि निघतं तरी का, हे लिहून काढावं. पन्हळीत कोंडा असेल, पाइपात चेंडू असेल, ते आधी काढा. पाणी आत येतं यात घराचा दोष नाही. त्याला बाहेर जायची वाट आपण ठेवली नाही, तर दोष आपला. माणसामाणसांतही तेच. सभेत एकमेकांवर राग निघतो. निघू द्यावा. वाट बंद करून वरून रंग दिलेला राग आतून पत्रा खातो. त्या २०२३ च्या सभेत ज्यांनी 'भंगारात काढा' असं सर्वांत मोठ्यानं म्हटलं होतं, त्यांनीच पुढं पाण्याचा पेपर सर्वांत जास्त तास घासला. त्यांचं नाव घेत नाही, पण टाळ्या त्यांच्यासाठी होऊन जाऊ द्या.

शेवटी एक सूचना. चारही पॅनेलांचे हार्डबोर्डचे नमुने, भोकांच्या मापांसह, मी संस्थेच्या कार्यालयात कपाटामागं उभे करून ठेवले आहेत. प्रत्येकावर दाराचं नाव लिहिलेलं आहे. आपल्या पंचक्रोशीत कोणाच्या सांदवाडीत जुनी फियाट उभी असेल तर त्यांनी यावं, रजिस्टरमध्ये सही करून नमुना न्यावा, आखून घ्यावा आणि पंधरा दिवसांत परत करावा. भाडं नाही. उशीर झाला तर मात्र मी स्वतः वसुलीला येईन, आणि येईन तो फियाटनंच.